माळदरी खुर्दचं कोरं स्मशान

हिंगोली जिल्ह्यात गेल्या वीसेक वर्षांत जी माणसं वारली, त्यांतल्या बऱ्याच जणांना पावसात भिजत जळावं लागलं नाही, याचं श्रेय जळबा खिल्लारेला द्यावं लागेल. मेलेली माणसं आभार मानत नाहीत आणि जिवंत माणसांना अशा आभाराची आठवण राहत नाही, म्हणून जळबाचं नाव कुठं झालं नाही, एवढंच.

जळबा हा विजयकुमार साहेबांच्या फर्मचा सुपरवायझर. हिंगोलीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, 'विजयकुमार इंजिनिअर्स अँड असोसिएट्स' असा पिवळा बोर्ड आहे. त्यातले असोसिएट्स म्हणजे जळबा आणि प्रज्ञेश नावाचा तरुण इंजिनिअर. फर्म गिऱ्हाइकांच्या घरांचे नकाशे काढते आणि गावोगावची सार्वजनिक कामं करते. शाळेच्या खोल्या, अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्या आणि स्मशानशेडी. त्यातही स्मशानशेडी जास्त. झालं असं होतं की, साहेबांनी बांधलेली पहिलीच शेड एका वावटळीत जागची हलली नाही आणि शेजारच्या गावातली, दुसऱ्या कुणीतरी बांधलेली, पत्र्यांसकट नांदेडच्या दिशेनं निघून गेली. तेव्हापासून एखाद्या डॉक्टरचं नाव जसं मूळव्याधीसाठी होतं, तसं साहेबांचं स्मशानासाठी झालं. घर बांधायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी दबक्या आवाजात विचारायचं, "साहेब, तुमी राहायची घरंबी बांधता ना?"

त्यात सुपरवायझरचं नाव जळबा. गवंडी म्हणायचे, "साहेबांनी माणूस नाव बघूनच ठेवलाय." त्याची बायको मिना हिचं दुःख वेगळं होतं. दारात कुणी पाहुणा येऊन "जळबाभाऊ कुठंयत?" म्हणाला की तिला "स्मशानात गेलेत" असं सांगावं लागायचं, आणि पाहुण्याचा चेहरा उतरला की पुढं घाईनं "येतील जेवायला" असं जोडावं लागायचं.

जळबाला स्वतःला या कामाचं काही वाटत नसे. बौद्ध घरातला माणूस. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. भूत, भानामती, करणी, उतारा असलं काही कुणी बोललं की तो त्या माणसाकडं कच्च्या विटेकडं बघावं तसं बघायचा. मात्र माळदरीचं काम सुरू झाल्यापासून त्याला एक गोष्ट कळली होती. दुपारच्या शांततेला भिऊ नये, अशी प्रतिज्ञा काही त्यानं घेतलेली नव्हती.

माळदरी दोन आहेत. एक बुद्रुक, एक खुर्द. आपल्याकडं असल्या जोड्या पैशाला पासरी. मोठं गाव ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द, आणि कागदावर दोघांत फरक एका अक्षराचा. मंजुरी आली होती माळदरी बुद्रुकच्या स्मशानशेडची. प्रज्ञेशनं मोबाइलच्या नकाशात 'माळदरी' टाकलं. मोबाइलला थोरलं-धाकटं कळत नाही. त्यानं त्यांना सेनगावच्या अंगाला एका माळावर नेऊन सोडलं. तिथं एक मेंढरंवाला होता. त्याला जळबानं विचारलं, "माळदरी हीच ना?" तो म्हणाला, "व्हय, हीच." कोणती, हे जळबानं विचारलं नाही आणि विचारलेलं नसताना सांगायची मेंढरंवाल्याला सवय नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, गाव दिसत नाही हे यांच्या लक्षात कसं आलं नाही? पण स्मशानशेड बांधणाऱ्याला गाव कधी दिसतच नाही! ती गावाबाहेरच असते. गाव असेल टेकाडापलीकडं, असं धरून त्यांनी खड्डे घेतले, लोखंडी खांब उभे केले, पत्रे चढवले, बसायला सिमेंटचे बाक केले, हातपाय धुवायला टाकी केली. पेंटरनं काळ्या अक्षरांत 'स्मशानभूमी, माळदरी बु.' असं सुरेख लिहिलं. साहेबांनी बुद्रुकचे सरपंच किसनराव यांना फोन केला, "सरपंच, शेड तयार आहे, ताब्यात घ्या."

तासाभरानं किसनरावांचा फोन आला. "साहेब, दोन चकरा मारल्या गावाला. वढ्यालाबी जाऊन आलो. आमच्या गावात तर शेड न्हाई. तुमी कुणाच्या गावात बांधली?"

चौकशीला गेल्यावर तलाठ्यानं सांगितलं, "खुर्दमध्ये बांधली तुम्ही. ते गाव बेचिराग आहे."

बेचिराग हा निजामाच्या काळचा शब्द. अजून दप्तरात आहे. गावाला नकाशा आहे, शीव आहे, नाव आहे. दिवा लावायला माणूस नाही. माणसं उठून गेली, नाव जागेवर राहिलं. म्हणजे ज्या गावात मरायला एक माणूस शिल्लक नव्हता, त्या गावाला विजयकुमार साहेबांनी जिल्ह्यातली सगळ्यात चांगली स्मशानशेड बांधून दिली होती.

सगळी हिंगोली हसली. जळबाला हसू आलं नाही. तिथं काम करताना गवंडी हळू का बोलायचे, ते त्याला आता उमगलं. मोकळ्या माळावर माणूस मोठ्यानं बोलतो, शीळ घालतो, शिव्या देतो. पण माणसांनी रिकामं केलेलं गाव निराळं. तिथं, कुणीतरी आजारी असलेल्या घरात वावरावं, तसे सगळे वावरत होते. गवतात घरांची जोती दडलेली होती. निंबाखाली एका घराचा दगडी ओटा तेवढा शाबूत होता. जेवताना गडी त्या ओट्याकडं पाठ करून बसत नसत. तोंड करूनही बसत नसत. जळबा मात्र जेवण होऊन गडी पांगले की त्याच ओट्यावर आडवा व्हायचा आणि त्याला अशी गाढ झोप लागायची की उठल्यावर आपण किती वर्षांचे आहोत हे क्षणभर आठवायचं नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सुपरवायझर कामावर झोपतो, हे का सांगायची गोष्ट आहे?

असो. चूक झाली ती झाली. बुद्रुकला दुसरी शेड द्यायचं ठरलं. त्यासाठी खुर्दचे खांब-पत्रे काढून न्यायचे. पण त्याआधी साहेबांच्या डोक्यात निराळंच खूळ शिरलं.

विजयकुमार साहेब म्हणजे गोल, हसरा, घामेजलेला आणि फार चांगला माणूस. चांगल्या माणसांना पुस्तकं वाचायची सवय असली की सोबतच्या लोकांना सांभाळून राहावं लागतं. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं की कामगाराचं कुटुंब सुखी तर काम सुखी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर 'समाज, ग्राहक, कुटुंब' असं रंगवून घेतलं. पेंटर तोच, अक्षर तेच. त्यामुळं खाली 'भूमी' लिहायचं राहून गेलंय असं वाटायचं. मग त्यांनी सगळ्या गवंडी-मजुरांना बोलावून जाहीर केलं, "येत्या रविवारी आपल्या फर्मचा कुटुंब कल्याण कार्यक्रम आहे. सगळ्यांनी बायकोला घेऊन यायचं."

जमाव गार पडला. कुटुंब कल्याण म्हटल्यावर सरकारी दवाखाना, रांग आणि ऑपरेशन याशिवाय दुसरं काही आपल्या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही. एका गवंड्यानं हळूच विचारलं, "साहेब, माझं मागंच झालंय. तरीबी यावं लागंल का?" दुसरा म्हणाला, "मला एकच लेकरू हाय साहेब, जरा थांबा की." दुसऱ्या दिवशी निम्मे लोक कामावर आले नाहीत. शेवटी जळबाला घरोघर फिरून सांगावं लागलं, की बाबांनो, कुणी काही कापणार नाही. साहेब बसनं सगळ्यांना फिरवणार आहेत, आपण केलेली कामं घरच्यांना दाखवणार आहेत, जेवण देणार आहेत.

तर असा तो चैत्रातला रविवार. शंकरसिंग ड्रायव्हरची भाड्याची मिनीबस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांत हळद शिजत होती आणि कढयांची वाफ, तो ओला कडवट वास, खिडक्यांतून आत येत होता. बसमध्ये गवंडी, त्यांच्या बायका, पोरं, प्रज्ञेश, जळबा, मिना आणि जळबाची आई सखुबाई.

सखुबाई सत्तरीच्या पुढची. नवरा गेल्यापासून चार वर्षं तिचं बोलणं कमी होत गेलेलं. भाकरी दिली तर खायची, नाही दिली तर मागायची नाही. दिवसभर दारात बसून रस्त्याकडं बघायची. ती अशी आपल्या हातून हळूहळू निसटून चाललेली जळबाला दिसत होती आणि त्याबद्दल काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. म्हणून त्यानं तिला बसमध्ये घातलं होतं. जरा वारा लागेल. गाव कुठलं, असं तिला लहानपणापासून त्यानं कितीदा विचारलं होतं. ती एवढंच म्हणायची, "उठलं आपलं गाव." आणि बाप म्हणायचा, "उठल्या गावाचं नाव काढू नये." तेव्हा हिंगोली हेच आपलं गाव, असं धरून जळबानं आयुष्य काढलं.

अंगणवाडी बघून झाली. पाण्याची टाकी बघून झाली. तिच्यावर चढायला निघालेली चार पोरं उतरवून झाली. ऊन डोक्यावर आलं. जेवायला सावली कुठं? साहेब म्हणाले, "खुर्दची शेड आहे की! बाक आहेत, टाकीत पाणी आहे, पत्रा आहे."

बायकांनी एकच गिल्ला केला. "स्मशानात जेवायचं?"

"स्मशान कसलं?" साहेब म्हणाले. "तिथं कुणी जळलंय का? एकसुद्धा नाही. कोरं आहे! बिनवापराचं स्मशान म्हणजे नुसती शेड."

इतका बिनतोड युक्तिवाद झाल्यावर भुकेल्या माणसांपुढं दुसरा इलाज नसतो. बस माळावर चढली. चाळीस माणसं त्या कोऱ्या स्मशानात बाकांवर मांड्या घालून पुरी-भाजी खायला बसली. साहेब स्वतः बुंदी वाढत फिरू लागले.

मिनानं विचारलं, "आत्याबाई कुठंयत?"

सखुबाई बसमधून उतरली होती एवढं शंकरसिंगनं पाहिलं होतं. "मला वाटलं बाजूला गेली असंल," तो म्हणाला. "पर काठी सोडून गेली. सरळ गेली. पावलांना वाट ठाऊक असल्यासारखी."

जळबाला ती निंबाखाली सापडली. त्या ओट्यावर. पदर नीट डोक्यावर घेतलेला, पाय पोटाशी, आणि बोलत होती. चार वर्षांत बोलली नसेल एवढं बोलत होती. ओट्याचा अर्धा भाग तिनं रिकामा ठेवला होता, कुणी शेजारी बसलेलं असावं, असा. जळबा जवळ आला तशी ती त्या रिकाम्या बाजूला म्हणाली, "हा बघ आला. हा जळबा. तुझ्याच हातावर जन्मला ना गं?"

"माय," जळबा म्हणाला, "कुणाशी बोलून राहिलीस?"

"मालनबाईशी. बस आधी. उभ्यानं बोलू नये वडीलधाऱ्यापुढं."

"कोण मालनबाई? इथं कुणी न्हाई, माय."

सखुबाईनं कान दिला आणि हसली. तिचे हसताना दिसणारे चार दात जळबानं कितीतरी दिवसांनी पाहिले. "ती म्हणती, मला वळखंना व्हय? दोन म्हयने रोज दुपारी माझ्या ओट्यावर येऊन निजत होता. डोक्याखाली ते पिवळं टोपडं घेऊन."

पिवळं टोपडं म्हणजे साहेबांनी दिलेलं हेल्मेट. जळबा ते उशाला घ्यायचा. हे गवंड्यांना ठाऊक नव्हतं, मिनाला ठाऊक नव्हतं, आईला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. त्याच्या पाठीवरून, भर उन्हात, गार पाण्याचा थेंब ओघळावा तसं झालं. तो बसला.

मग तिनं सांगितलं. आनंदानं, शेजारणीकडं हळदी-कुंकवाला गेल्यासारखं सांगितलं. हे तिचं सासर. विहीर कडू झाली, रस्ता दुसऱ्या अंगानं गेला, आधी पाटील उठले, मग एकेक घर उठलं. मालनबाई सुईण. सगळ्या जातींच्या घरची लेकरं तिनं काढली. तेवढ्यापुरतं तिला सगळी दारं उघडी होती. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, मी न्हाई उठत; दिवा लावायला कुणीतरी पायजे. "शेवटी आमचं एकच घर राह्यलं. आमीबी निघालो. तू माझ्या कडंवर होतास. हिच्या दारात आले अन् म्हणले, येते बाई. मंग आज आले."

"पन्नास वर्षं झाली, माय."

सखुबाईनं रिकाम्या बाजूला पाहिलं. "तेच ती म्हणून राहिली."

तोवर शेडमधली जेवणं थांबली होती. बायका पोरांना हाताशी धरून लांबच उभ्या राहिल्या. मिना तेवढी पुढं आली. तिनं सासूच्या पायाला हात लावला आणि रोज घरी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "आत्याबाई, भेटलात, बोललात, बरं झालं. आता येते म्हणा अन् उठा. बस थांबलीय."

"बरं," सखुबाई म्हणाली. शेजारी वळली. "येते मी, बाई." गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठली. थांबली. ऐकलं. आणि परत खाली बसली.

"काय झालं?"

"सोडंना."

"काय म्हणती?"

"म्हणती, मागल्या खेपंलाबी हेच म्हणली होतीस."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. प्रज्ञेशनं सुचवलं, उचलून नेऊ. सखुबाई ती केवढी, टोपलीएवढी. जळबानं तिला दोन्ही हातांवर उचललं. ती विरोध न करता उचलली गेली. दहा पावलं गेल्यावर तिची मान त्याच्या खांद्यावर पडली. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. मिनानं "आत्याबाई, आत्याबाई" म्हणून गाल थोपटले, तेव्हा तिनं मिनाकडं, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्या बाईकडं बघावं तसं पाहिलं. घाबरून त्यानं तिला परत ओट्यावर आणून बसवलं. बसवल्याबरोबर ती पदर सावरून म्हणाली, "कुठं निघाला होतास मला घिऊन?"

जळबाला कळलं. हिला बसमध्ये घालून घरी नेता येईल. पण आई घरी येणार नाही. दारात बसून रस्त्याकडं बघणारं काहीतरी येईल आणि तेही चार दिवस.

मग साहेब पुढं झाले. हातातलं बुंदीचं पातेलं त्यांनी मिनाकडं दिलं, रुमालानं कपाळ पुसलं, चपला काढल्या आणि ओट्यासमोर खाली मातीत बसले. वीस वर्षं अवघड गिऱ्हाइकं सांभाळलेला माणूस तो. कुणाचं स्वयंपाकघर तीनदा फिरवलेलं, कुणाचा जिना पाडून बांधलेला. त्यांनी रिकाम्या जागेला हात जोडले. "बाई, मी विजयकुमार. ती समोरची शेड मीच बांधलीय. आपली अडचण काय आहे ती मला मोकळेपणानं सांगा."

सखुबाईनं ऐकलं. "म्हणती, हा जाडा कोण?"

"सांगितलं ना, विजयकुमार."

"म्हणती, अडचण काही न्हाई. माणूस आलंय, बसू द्या."

साहेबांचा चेहरा उतरला. वीस वर्षांत अडचण नाही म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं, आणि आता भेटलं तर त्याला काही देऊन उठवता येत नव्हतं. तरी त्यांनी नेट धरला. इथं दिवाबत्तीची सोय करू का, पाण्याची टाकी राहू देऊ का, नावाची पाटी लावू का? सखुबाई प्रत्येक वेळी कान द्यायची आणि मान हलवायची. शेवटी म्हणाली, "साहेब, दमलात तुमी. ती म्हणती, याला पाणी द्या कुणीतरी."

ऊन कलायला लागलं. शंकरसिंगनं हॉर्न वाजवायला हात नेला आणि न वाजवताच काढून घेतला. पोरं पेंगुळली. निंबाचं पान हलत नव्हतं. सखुबाई गप्पांत रंगली होती; कुणाच्या लेकराला गोवर झाला होता, कुणाची शेळी कुठं सापडली होती. जळबा ते ऐकत होता, आणि एकाच बाजूचं बोलणं ऐकता ऐकता त्याला दुसऱ्या बाजूची जागा कळायला लागली होती. इथं ती बोलली. इथं थांबली. इथं हसली असेल.

आणि त्याच्या ध्यानात आलं, की गाठ कुठं आहे.

आपल्याकडं उंबऱ्यावर उभा राहून माणूस कधी 'जातो' म्हणत नाही. गाडी सुटत असली, भांडण झालेलं असलं, परत तोंड बघायचं नसलं, तरी म्हणायचं 'येतो'. लहान पोराच्या तोंडून 'जातो' निघालं तर त्याला चापट बसते. सगळं गाव उठताना प्रत्येकानं मालनबाईच्या दारात येऊन 'येतो' म्हटलं असणार. पाटलानं म्हटलं असेल, सुतारानं म्हटलं असेल, आईनं म्हटलं. आणि ती म्हातारी त्या एका शब्दावर रोज दिवा लावत बसली. तिला आता त्या शब्दाचा भरवसा उरला नव्हता. दुसरा शब्द कुणी तिला दिलेला नव्हता.

"माय," तो म्हणाला, "जाते म्हण तिला."

भोवतीच्या बायका चरकल्या. सखुबाईनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्याला आपण शिवी दिली असं वाटलं. "जिभंला हाड हाय का तुझ्या? दारात बसून असं बोलत्यात का?"

"एकदा म्हण."

तिनं शेजारी पाहिलं. तोंड उघडलं. ओठ हलले. नाही निघालं. "न्हाई बसत माझ्या तोंडात त्ये," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थकवा आला. "तुमी जा लेकरांनो. मी बसते हितंच."

जळबा उठून उभा राहिला. मिनानं त्याचं मनगट पकडलं. "तुमी नका म्हणू. तुमाला लेकरंबाळं हायेत."

खरं तर त्याच्यासारख्या माणसाला यात अवघड काय होतं? साठ-सत्तर स्मशानशेडी उभ्या केलेला माणूस. उतारा ओलांडून कामावर जाणारा. चौकात उतरून टाकलेल्या लिंबाला लाथ मारणारा. पण जीभ टाळूला चिकटली होती. एक साधं क्रियापद, रोज शंभरदा वापरायचं. बाजारात जातो, साइटवर जातो. तेच इथं उचलत नव्हतं. त्यानं आईकडं पाहिलं. ती पाय पोटाशी घेऊन, ओट्यावर लहान होत चालल्यासारखी बसली होती.

त्यानं मनगट सोडवून घेतलं. ओट्याच्या रिकाम्या बाजूला तो वाकला, पाया पडतात तसा, आणि दगडाला हात लावून म्हणाला, "मालनबाई, आमी जातो. मायला घिऊन जातो. आता यायचं न्हाई. कुणीच यायचं न्हाई. दिवा नको लावू."

जळबा वाकलेलाच राहिला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. मग तो सावकाश सरळ झाला. तोंडावरचा रंग उडालेला, पण शांत.

सखुबाई इकडंतिकडं बघत होती. ओट्याच्या त्या बाजूला तिनं हात फिरवला, चाचपून पाहिलं. "अगं बाई," ती म्हणाली, "मला ऐकू येईना आता." आणि जळबाकडं मान वर करून, काकुळतीला येऊन विचारलं, "काय म्हणली रे ती? तुला काय म्हणली?"

जळबानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हणली, सावकाश जा."

"आणखी?"

"उन्हं उतरल्यावर निघा, म्हणली. लेकरं हायेत संग."

"हां," सखुबाई म्हणाली. "मंग तीच." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली, मिनाच्या खांद्याला धरून बसपर्यंत चालत गेली. पायरीशी तिनं शंकरसिंगला काठी मागितली आणि मिनाला विचारलं की तुमी सगळ्यांनी बुंदी खाल्ली, मला कुणी दिली काय?

बस परतीला लागली. सखुबाई खिडकीशी बसून बुंदी खात होती, मोजकी, चघळून. जळबा मागच्या सीटवर होता. साहेब सीट धरत धरत त्याच्यापाशी आले, शेजारी बसले. बराच वेळ त्यांनी नुसता रुमाल घडी केला आणि उलगडला. मग, इंजिनिअर माणूस, त्याला शेवटी कामाचंच बोलता येतं, तसे ते म्हणाले, "जळबा, बुद्रुकचं काम पुढच्या आठवड्यात धरू. खुर्दचे पत्रे, खांब काढून आणावे लागतील. तू गडी घेऊन ये."

"दुसऱ्या कुणाला पाठवा, साहेब."

"का रे? भ्यालास?"

"भ्यालो न्हाई," जळबा म्हणाला. "पण मी तिला जातो म्हणून आलोय."